इंजिनाची डावी बाजू

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

हे इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, आणि तुम्हाला वाचणंही. पण इंग्रजीत मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. स्वतःची चूक लिहायला बसले की त्या भाषेत माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. म्हणून मराठीत लिहिते आहे. तुम्हाला देवनागरी येत नाही, तुमची आई पुण्याची आहे, तिला येते. ती हे मोठ्याने वाचून दाखवेल आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच कळेल. आईने वाचताना माझं मराठी दुरुस्त करू नये. ते तंजावूरचं आहे आणि त्याला त्याची सवय आहे.

आत्ताच का लिहिते, तर तुम्ही डिसेंबरात येणार. धाकटा बूट न काढता कपाटाकडे धावणार आणि इंजिन हातात घेणार. हातात घेतलं की ते उलटं फिरवणार. त्याने फिरवायच्या आत मला बोलायचं आहे.

आधी बोटीबद्दल. तीन वर्षांपूर्वी धाकट्याने पुठ्ठ्याच्या खोक्यांची एक बोट केली होती. तुम्ही परत गेलात, मी घर आवरलं, आणि बोट रद्दीबरोबर गेली. मी घर आवरते तेव्हा कसं आवरते हे तुमच्या आजोबांना विचारा. त्यांचा चष्मा दोनदा रद्दीत गेलेला आहे. काही महिन्यांनी फोनवर धाकट्याने विचारलं, माझी बोट कशी आहे? मी म्हटलं, "कुठली बोट?" पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग तुमच्या आईने फोन घेतला.

या वर्षी जुलैत तुम्ही ते वाफेचं इंजिन जोडलंत. प्लास्टिकचे शेकडो तुकडे, गोंद, आणि जेवणाच्या टेबलावर आठ दिवस जेवायला बंदी. जोडून झालं तेव्हा ते वीत आणि चार बोटं लांब होतं. रंग द्यायचा राहिला, कारण रंगाचे डबे विमानात आणता येत नाहीत आणि तुमची सुट्टी संपली. निघताना धाकटा दारात इंजिन धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, टाकणार नाहीस ना?"

त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर तो इंग्रजीत देतो. हे मात्र त्याने मराठीत विचारलं. मी म्हटलं, टाकणार नाही. एवढंच नाही, नवरात्राच्या आत गुळगुळीत काळा रंग देऊन कोलूत मांडीन. आमच्याकडे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात आणि सगळ्यात खाली जमिनीवर बाग, तळं, देऊळ, बाजार असं एक गाव करतात, ते तुम्ही फोनवर दरवर्षी बघता. त्या गावाला यंदा रेल्वे मिळणार असं ठरलं.

मोठीने मला सूचनांचा एक कागद दिला. चौदा सूचना, प्रत्येकीला नंबर, अक्षर स्वच्छ. मला फार आनंद झाला. दोन ठिकाणी स्पेलिंग चुकलं होतं, ते मी दुरुस्त केलं आणि कागद फाइलला लावला. पाचवी सूचना अशी होती की पहिला राखाडी थर वाळला की हात फिरवून बघायचा, आणि कुठेही खरखरीत लागता कामा नये. सहावी सूचना, घासायला हजाराच्या खालचा कागद वापरायचा नाही.

या सहाव्या सूचनेपाशी मी थांबले. तिच्यापुढे समासात मी लाल पेनाने लिहिलं, "पाया कच्चा राहील."

आता घासायच्या कागदाबद्दल सांगते. इथे त्याला उप्पुताळ म्हणतात, म्हणजे तमिळमध्ये मिठाचा कागद. बोट फिरवलं तर खरंच सांडलेल्या मिठासारखा लागतो. मी आणि आजोबा हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार मला पाट्टी, म्हणजे आजी, म्हणतो. तो म्हणाला, "पाट्टी, कशाला हवा?"

"इंजिनाला."

"किती एचपीचं?"

"प्लास्टिकचं आहे."

त्याने माझ्या खांद्यावरून आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी दोन्ही हात जोडून छताकडे बघितलं. या गावात इंजिन म्हणजे शेतावरचा पाण्याचा पंप. दुकानदाराने गंज काढायला म्हणून ऐंशी नंबर पुढे केला. मी म्हटलं, सगळे नंबर एकेक द्या. ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस, चारशे, सहाशे, हजार, दीड हजार, दोन हजार. ऐंशीचे दाणे जाड रव्यासारखे होते आणि दोन हजाराचा कागद गालावर फिरवला तरी चालेल असा.

घरी येऊन मी प्रत्येक कागदाचे चार सारखे तुकडे केले, मागे नंबर लिहिला आणि आठ पाकिटांत घातले. आठ पाकिटं क्रमाने लावलेली बघितली आणि मला कळलं की हे आठ वर्ग आहेत. ऐंशी म्हणजे पहिली, दोन हजार म्हणजे आठवी. आणि माझी नात मला सांगत होती की मुलाला सरळ सहावीत बसवा.

मी इतकी वर्षं मुख्याध्यापिका होते. मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या मुलींना एक वर्ग वगळून पुढे ढकला म्हणून माझ्यासमोर चहा गार केला आहे. मी एकीलाही ढकललं नाही. प्लास्टिकच्या इंजिनासाठी मी नियम मोडणार होते का?

पहिला थर मी गच्चीवर दिला. डबा हलवा, वीतभर लांब धरा, सरळ रेषेत फवारा, अस्कं, म्हणजे सगळं, मोठीच्या कागदाबरहुकूम. फक्त वाऱ्याबद्दल त्या कागदात काही नव्हतं. शेजारच्या मामीने त्याच दिवशी गच्चीवर तांदळाचे वडाम, म्हणजे तुमच्या आईच्या कुरडया, वाळत घातले होते आणि खाली रस्ता खणलेला होता. दोन दिवसांनी थर वाळला तेव्हा इंजिन राखाडी रंगाच्या रवा इडलीसारखं दिसत होतं.

मी जेवणाच्या टेबलावर जुनं बेडशीट घातलं, घड्याळ समोर ठेवलं आणि डावी बाजू घेतली. प्रत्येक वर्गाला पंधरा मिनिटं. पहिलीपासून.

ऐंशी नंबरचा आवाज फार समाधानकारक असतो. खर्र, खर्र. काहीतरी काम चाललं आहे असं वाटतं. आजोबांनी पेपराआडून विचारलं, "सुतार कधी आला?"

"मी आहे."

"काय मोडतेस?"

"घासते आहे."

"सरि, सरि," म्हणजे बरं बरं, असं म्हणून ते परत पेपरात गेले.

पंधरा मिनिटांनी राखाडी रंग गेला होता आणि खालचं प्लास्टिक दिसत होतं. त्याच्यावर रेघा होत्या. मी स्वतःला सांगितलं, पहिलीतल्या मुलांचं अक्षर असंच असतं. एकशेवीस. दोनशेवीस. चौथीत पोचले तेव्हा आजोबा पाणी प्यायला उठले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"ओरत्तनाडूला आपली जमीन होती ना," ते म्हणाले, "नांगरल्यावर अशीच दिसायची."

"अजून चार वर्ग आहेत."

त्यांनी इंजिन उचललं, उजवी बाजू बघितली, मग डावी बघितली, मग पुन्हा उजवी. "अगं, टिंबं कुठं गेली?"

मी म्हटलं, "कुठली टिंबं?"

हे शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले आणि ते मी कुठे, कुणाला म्हटले होते ते मला आठवलं. कुठली बोट.

उजव्या बाजूला बॉयलरवर रिव्हेट होते. टाचणीच्या डोक्याहून बारीक, एका ओळीत, जुन्या लोखंडी पुलावर असतात तसे. धाकट्याने मला ते भिंग घेऊन दाखवले होते. डाव्या बाजूला आता एकही नव्हता. मी त्यांना खरखरीत समजून घासून टाकलं होतं.

मी आधी स्वतःचा बचाव केला. पाचवी सूचना आजोबांना वाचून दाखवली. कुठेही खरखरीत लागता कामा नये. आता रिव्हेट हाताला खरखरीत लागतात की नाही?

"लागतात," आजोबा म्हणाले. "नाकही लागतं. माझं घासून काढू नकोस."

मग ते खुर्ची ओढून बसले आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, "नवीन मागवू. असंच, याच कंपनीचं. आपण दोघं जोडू. पोरांना काय कळतंय?"

मी खोटं सांगणार नाही, मला तो बेत आवडला. मी संगणकावर शोधलंसुद्धा. तेच इंजिन, तेच खोकं, एका आठवड्यात घरपोच. बटण दाबायच्या आधी जोडणीची चित्रं ताडून बघावीत म्हणून मी आपलं इंजिन उलटं केलं. ड्रायव्हर उभा राहतो त्या खोलीच्या छपराखाली, आतल्या बाजूला, गोंदात एक अंगठा उमटलेला होता. लहान अंगठा. नखाजवळ तिरपी रेघ, धाकट्याने आमच्या नारळ किसायच्या विळीवर अंगठा कापून घेतला होता तिथली. मोठीची तिसरी सूचना म्हणते, गोंदाचे डाग घासून काढावेत.

मी संगणक बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मामीकडे गेले. मामी तंजावूरची चित्रं काढते, सोन्याचा वर्ख आणि खडे लावलेली, आणि बायकांना शिकवतेही. तिच्या फळीवर आधी कापड डकवतात, त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांचा लेप देतात, आणि तो लेप घासून काचेसारखा करतात. म्हणजे घासण्याबद्दल तिला माहिती असणार हे मला सुचायला हवं होतं. तिचे वडाम माझ्या रंगात अडकले तरी सुचलं नव्हतं.

तिने डावी बाजू बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं जसं मी गृहपाठ न करता आलेल्या मुलीकडे बघत असे.

"टीचर, कोणत्या कागदाने?"

"ऐंशी."

"शिवाय, शिवाय," तिने देवाचं नाव दोनदा घेतलं. "तुम्ही दार घासत होता का?"

मी तिला पहिलीपासून आठवीपर्यंतचं तत्त्व सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "टीचर, तुमच्याकडे मुलगी आठवीतून शिकून आली, तर तिला परत पहिलीत बसवाल का? प्लास्टिक कारखान्यातून गुळगुळीत होऊनच आलंय. तुम्हाला फक्त धूळ काढायची होती."

एवढ्या वर्षांत एकाही अधिकाऱ्याला हे उत्तर सुचलं नव्हतं.

तिने मला घासायला शिकवलं. आधी डाव्या बाजूच्या रेघा भरायला राखाडीचे पातळ थर, एक वाळला की दुसरा, आणि तेही तिच्या घरात, खिडक्या उघड्या पण पंखा बंद. मग बशीत पाणी, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि हजार नंबरचा तुकडा भिजवून मऊ केलेला. तुकडा खोडरबराभोवती गुंडाळायचा. बोटाने घासलं तर बोटाचाच खळगा पडतो.

"दाबू नका," ती दर मिनिटाला म्हणायची. "कागदाला काम करू द्या. तुम्ही कशाला करता?"

हे मला जमेना. मी आयुष्यात कुठलंही काम दुसऱ्याला करू दिलेलं नाही.

"आणि आवाज ऐका. खरखर येते तोवर दाणे आहेत. आवाज गेला की हात उचला. पुढे एकदाही फिरवायचा नाही."

मी चार दुपारी घासलं. हजार, दीड हजार, दोन हजार. दुधासारखं राखाडी पाणी बशीत उतरायचं, मी ते पुसायची, उजेडात तिरपं धरून बघायची. चौथ्या दुपारी आवाज गेला. मी डोळे मिटून बोट फिरवलं आणि बोटाला काहीच सांगण्यासारखं सापडलं नाही. मुलांनो, त्या बाजूसारखी गुळगुळीत वस्तू मी आमच्या देवघरातली सहाण सोडली तर पाहिलेली नाही. उजवी बाजूही मी तशीच केली, पण रिव्हेटांच्या दोन्ही कडांनी, त्यांना न शिवता, श्वास धरून.

आता डाव्या बाजूला रिव्हेट परत आणायचे होते. मामी लेपाचे उठावदार ठिपके कागदाच्या कोनातून सोडते, मेंदीच्या कोनासारख्या. तिने विचारलं, "किती हवेत?" आजोबांनी टॉर्च आणि भिंग घेऊन उजवी बाजू मोजली. एकदा अठ्ठावन्न आले, एकदा एकसष्ट.

"साठ धरूया," मी म्हटलं.

"हा काय साडीचा भाव आहे का, साठ धरूया म्हणायला?" आजोबांनी तिसऱ्यांदा मोजायला घेतलं. मामी म्हणाली, साठ, साठ शुभ आहे, आणि विषय मिटला.

ठरलं असं की ती काळा रंगही देईल, ठिपके देईल आणि ठिपक्यांवर पुन्हा काळा रंग. आम्हाला तिरुवैयारूला एका मुंजीला दोन दिवस जायचं होतं. आम्ही परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी कोलू मांडायचा होता.

मामीने इंजिन तबकात ठेवून आणलं. वर रेशमी कापड होतं. कापड तिने स्वतः बाजूला केलं.

काळा रंग सुरेख होता, एक दाणा नव्हता. उजवी बाजू धाकट्याला हवी होती तशी. डाव्या बाजूला साठ रिव्हेट होते, सारख्या अंतरावर, एका ओळीत. साठच्या साठ सोन्याच्या वर्खात. वरच्या घुमटालाही वर्ख. पुढच्या दिव्याच्या जागी लाल खडा. आणि धुराड्याच्या गळ्यात मोत्यांचा एक सर.

आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "आरती करायची का?"

"टीचर, मी काय करू," मामी म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "इतकी वर्षं कृष्णाला दागिने घालते आहे. काळं अंग दिसलं आणि ते मोकळं दिसलं, की हात थांबत नाही."

ती गेल्यावर मी दोन हजारचा तुकडा भिजवला, खोडरबराभोवती गुंडाळला आणि बसले. दहा मिनिटांत सोनं निघालं असतं. मी एका रिव्हेटपाशी कागद नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला. त्या बाजूला खरखर नव्हती, मग घासायचं काय? आजोबा म्हणाले, "पोदुम, पुरे झालं. त्या इंजिनाने तुझ्या हातून फार सोसलंय."

म्हणून मी ते कोलूत मांडलं, डावी बाजू भिंतीकडे करून.

त्या संध्याकाळी तुम्ही फोनवर आलात. मोठीने विचारलं, रंग गुळगुळीत झाला का? मी म्हटलं, फार गुळगुळीत. हे खरं होतं. धाकटा म्हणाला, आजी, फिरवून दाखव. मी म्हटलं, कोलूतली वस्तू एकदा मांडली की दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. हा नियमही खरा आहे, तुमच्या पणजीपासूनचा. पण मी तो खोटं बोलायला वापरला. मागे आजोबांना खोकला आला होता तो खोकला नव्हता.

धाकट्या, दसऱ्यानंतर तू पुन्हा विचारलंस, आणि मी म्हटलं, कापसात गुंडाळून ठेवलंय. तू "ओके" म्हणालास. बोटीच्या वेळी जसा गप्प झाला होतास तसाच आवाज होता तो. तुला वाटतं आहे की मी ते टाकलं. त्या दिवसापासून मी हे पत्र मनात लिहिते आहे.

सोनं ठेवायचं की काढायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. काढायचं असेल तर दोन हजारचे दोन तुकडे न वापरता ठेवले आहेत, आणि घासायला मी शिकवीन, न दाबता. मामीला मात्र मी तोंड दाखवणार नाही, ते काम आजोबांचं.

आत्ता जे आहे ते असं. उजव्या बाजूचे रिव्हेट सगळे आहेत, अठ्ठावन्न किंवा एकसष्ट. डाव्या बाजूचे तीन कापसाला चिकटून निघाले, सत्तावन्न आहेत. लाल खडा आहे. छपराखाली अंगठा आहे, तिथे मी कागद लावलेला नाही. इंजिन माझ्या कपाटात, मधल्या फळीवर, साड्यांच्या उजवीकडे आहे. मी ते टाकलेलं नाही.